माणूस पाहिला, गिऱ्हाईक पाहिलं का?

धुळ्यात किंवा जळगावात नव्या कंपनीत पैसे घालण्याचा विषय निघाला की दहा मिनिटांच्या आत अमळनेर येतं. ‘आजोबांनी तेव्हा विप्रोचे शेअर घेऊन ठेवले असते तर...’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, दवाखान्यातल्या बाकावर ऐकलंय आणि कर सल्लागार म्हणून माझ्या टेबलावर तर दर महिन्याला ऐकतो. त्यामागची हळहळ खरी आहे. पण अलीकडे ही हळहळ मिटवायची म्हणून लोक पुतण्याच्या मित्राच्या स्टार्टअपमध्ये पाच-दहा लाख घालायला निघाले आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात डॉक्टर आहेत, आग्रा रोडवरचे व्यापारी आहेत, जिनिंगवाले आहेत आणि निवृत्तीची रक्कम नुकतीच हातात आलेले प्राध्यापकही आहेत.

आधी अमळनेरची गोष्ट नीट पाहू. महम्मद हशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. कारखाना अमळनेरला, माल वनस्पती तुपाचा. पुढे ‘७८७’ नावाचा कपडे धुण्याचा साबणही आला. ऑगस्ट १९६६ मध्ये हशम प्रेमजी गेले आणि स्टॅनफर्डमधलं शिक्षण सोडून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परतले. तेव्हाच्या सभेत एका भागधारकाने, हा कारभार तुम्हाला झेपायचा नाही, तुमचे शेअर अनुभवी माणसांना विकून टाका, असं तोंडावर सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. कंपनीच्या नावात ‘विप्रो’ आलं ते १९७७ मध्ये, आणि संगणकाच्या धंद्यात कंपनी उतरली ती १९८० च्या सुमारास. म्हणजे सुरुवातीला शेअर घेतलेल्या माणसाने तेला-तुपाच्या कंपनीत पैसे घातले होते, आणि पस्तीसएक वर्षं ती मुख्यतः तेला-तुपाचीच कंपनी होती. संगणक येईल हे ओळखून अमळनेरात कुणी शेअर घेतले नव्हते. ज्यांना फळ मिळालं, ते शेअर न विकणारे होते.

दुसरी गोष्ट आपण सांगतच नाही. जळगावची खान्देश मिल, अमळनेर आणि धुळ्याच्या प्रताप शेटजींच्या गिरण्या, चाळीसगावची गिरणी, या सगळ्यांचे भोंगे एके काळी अख्ख्या गावाचं घड्याळ होते. त्याही मोठ्या, नाववाल्या कंपन्या होत्या. त्या एकेक करून थंडावल्या. त्यांच्या भागधारकांच्या नातवंडांना पंगतीत सांगायला गोष्ट नाही, म्हणून आपल्या कानावर फक्त विप्रो येते.

आणि एक फरक मनात पक्का ठेवा. विप्रोचे शेअर ही जाहीर भागविक्री होती. लाभांश मिळायचा आणि गरज पडली तर विकायला बाजार होता. आज एंजल गुंतवणूक म्हणतात ती वेगळी. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असते, वय वर्ष-दोन वर्षं, नफा नाही, लाभांश नाही आणि शेअर विकायला बाजारही नाही. तुम्ही स्वतःच्या खिशातून भांडवल घालून मालकीचा छोटा हिस्सा घेता आणि सात-आठ वर्षं थांबता. मध्येच मुलीच्या लग्नाला, बायपासला किंवा विहिरीला पैसा लागला, तर तो मिळत नाही. म्हणून निवृत्तीची रक्कम, शेत विकून आलेला पैसा आणि कर्जाऊ पैसा या तिन्ही गोष्टी या व्यवहारात आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. राहतं घर, शेती आणि विमा सोडून जी शिल्लक उरते तिच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ नका.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण या विषयात लोकांची सगळ्यात मोठी चूक हिशेबातच होते.

समजा, तुम्ही एका कंपनीत १० लाख घातले. पैसे आल्यानंतरचं कंपनीचं मोल ४ कोटी धरलं, म्हणजे तुमचा हिस्सा अडीच टक्के. कंपनी वाढायला लागली की तिला पुन्हा भांडवल लागतं. ते तीनदा आलं आणि दर वेळी नव्या लोकांना २० टक्के हिस्सा गेला, तर तुमचा अडीच टक्क्यांचा हिस्सा आधी २ वर येतो, मग १.६ वर, मग १.२८ वर. आठव्या वर्षी कंपनी १०० कोटींना विकली गेली. तुमच्या हातात १ कोटी २८ लाख, दहा लाखांच्या जवळपास तेरा पट! पेढे वाटावेत असा दिवस. पण अशा कंपन्या क्वचितच निघतात, म्हणून तुम्ही शहाणपणाने १० कंपन्यांत मिळून १ कोटी घातले होते आणि बाकीच्या नऊ बुडाल्या असं धरू. मग आठ वर्षांनी १ कोटीचे १ कोटी २८ लाख झाले. चक्रवाढीने वर्षाला साधारण ३ टक्के. बँकेतली साधी मुदत ठेव याहून जास्त देते.

हाच हिशेब सुरुवातीचं मोल २ कोटी धरून करा. हिस्सा पाच टक्के, आठव्या वर्षी तो २.५६ टक्के, हातात २ कोटी ५६ लाख. नऊ बुडूनही वर्षाला साडेबारा टक्के पडले. कंपनी तीच, पोरं तीच, फरक फक्त पहिल्या दिवशी ठरलेल्या मोलाचा. कापसाच्या भावात क्विंटलमागे पन्नास रुपयांसाठी अर्धा दिवस घालवणारा माणूस इथे मात्र पोराने सांगितलेलं मोल मान डोलावून मान्य करतो. असं करू नका. मोल कसं काढलं, ते विचारा. त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या कंपन्यांत काय मोलाने पैसा आला, ते विचारा.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. जी कंपनी कितीही चांगली चालली तरी पाच-सात कोटींच्या पुढे जाणार नाही, तिच्यात एंजल म्हणून पैसे घालण्यात अर्थ नाही. दोंडाईच्याच्या मिरचीचा मसाला करणारा, वर्षाला तीस-चाळीस लाख सुटणारा उद्योग उत्तम आहे. त्या घराचं भलं होईल, दहा बायकांना रोज काम मिळेल. पण तुमचा दोन टक्के हिस्सा विकत घ्यायला तिथे कधीच कुणी येणार नाही. असा धंदा आवडला तर रीतसर भागीदार व्हा. त्याला बँकेचं कर्ज मिळवून द्यायला मदत करा. तो कमी प्रतीचा आहे म्हणून मी हे सांगत नाही, या प्रकारच्या पैशाला तो धंदा जुळत नाही इतकंच. अशा कंपनीला हातउसने पैसे द्यायलाही जाऊ नका. बाहेरच्या माणसाकडून कंपनीने घेतलेली उसनवारी ठेवींच्या नियमांत अडकते आणि दोघांनाही त्रास होतो.

आता माणूस पाहण्याविषयी. खान्देशात आपण पैसा माणूस बघून देतो. घर कोणतं, बाप कसा, उधारी चुकवतो का, हे बघतो. ही पद्धत चुकीची नाही. सुरुवातीच्या कंपनीत ताळेबंद कोराच असतो, माणसाशिवाय बघायला असतंच काय? पण आपण तिथेच थांबतो. त्या माणसाचं गिऱ्हाईक कोण, हे बघायला उठत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र करणाऱ्या दोन इंजिनिअर पोरांनी मला बोलावलं. पोरं हुशार, बोलायला नम्र, यंत्र सुरेख. तीनशे शेतकरी आमचं यंत्र वापरतात, असं पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मी त्यांच्याकडून दहा नावं मागितली आणि एका रविवारी शिंदखेडा तालुक्यात जाऊन आलो. पहिल्या शेतात यंत्र जागेवर होतं, पण बॅटरी संपलेली. दुसऱ्या ठिकाणी ते गोठ्यात खुंटीला टांगलेलं, वर वैरणीची धूळ. ‘फुकट लाई दिन्हं, भाऊ,’ त्या काकांनी मोकळेपणाने सांगितलं. विकत घ्याल का विचारलं तर ते हसले आणि चहा टाकायला सांगितला. दहापैकी पैसे मोजून घेतलेला एकच निघाला. मात्र त्या एकाने दुसरं यंत्र मागितलं होतं. तो डाळिंबवाला होता, ठिबकवर शेती करणारा, पाण्याच्या दर तासाचा हिशेब ठेवणारा. तीनशे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या नादी लागून पोरांनी आपलं खरं गिऱ्हाईक बाजूला ठेवलं होतं. मी परत आल्यावर त्यांना हे सांगितलं. दोघांतल्या मोठ्याने वाद घातला, धाकट्याने वही काढून लिहून घेतलं. त्या दिवशी मला त्या कंपनीविषयी जे कळलं, ते त्यांच्या चाळीस पानांच्या सादरीकरणात नव्हतं.

वापरणारा आणि पैसे देणारा यांत फरक करा. एकदा घेणारा आणि पुन्हा घेणारा यांत त्याहून मोठा फरक करा. निदान पाच गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः, पोरांना सोबत न घेता भेटा. आपल्या बाजूला ही सोय आहे. मुंबईच्या गुंतवणूकदाराला शिरपूरचा किंवा साक्रीचा शेतकरी गाठायचा तर दोन दिवस मोडतात. तुम्ही सकाळी निघून जेवायला घरी येता.

भवरलाल जैन यांचं उदाहरण मला याच कारणासाठी मोलाचं वाटतं. जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदचे भवरलालभाऊ १९६३ मध्ये घरच्या ७ हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या धंद्यात उतरले. पुढे शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा बंद कारखाना घेऊन तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पीव्हीसी पाइप १९८० च्या सुमारास आले आणि ठिबक ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे ठिबक विकायला निघाले तेव्हा शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्यांना वीस वर्षं झाली होती. शेतकरी पैसे कधी देतो, कशाला देतो आणि उधारी कधी थकवतो, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. समोर बसलेल्या पोराला हेच विचारा: ज्याला माल विकायचा त्याच्यासोबत तू किती दिवस काढलेस? भवरलालभाऊंनी उभारलेल्या कंपनीलाही पुढे थकलेली येणी आणि वाढलेलं कर्ज यांमुळे २०१९ नंतर बँकांसोबत कर्जाची पुनर्रचना करावी लागली, हेही लक्षात असू द्या. विक्री झाली म्हणजे पैसा आला असं नाही. ज्या स्टार्टअपचं मोठं गिऱ्हाईक सरकारी खातं किंवा अनुदान आहे, तिथे विक्रीचा आकडा बाजूला ठेवा आणि वसुलीचा मागा. जीएसटीची विवरणपत्रं आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवली की एका तासात चित्र दिसतं.

बँकेचं स्टेटमेंट हातात असताना आणखी एक भागाकार करा. शिल्लक किती आणि महिन्याला निव्वळ खर्च किती? खात्यात १८ लाख आहेत आणि दरमहा ३ लाख कमी होतात, तर सहा महिने उरले. पुढचा पैसा उभा करायला चार-सहा महिने सहज जातात. तुमचे दहा लाख तीन महिनेही पुरणार नसतील तर उरलेले पैसे कोण देणार, हे ठरल्याशिवाय तुमचे देऊ नका. त्याच स्टेटमेंटमध्ये जागेचं भाडं कुणाच्या नावे जातं तेही बघा. आपल्याकडे शेड वडिलांच्या नावावर, मशीन भावाच्या फर्मचं आणि ट्रेडमार्क वहिनीच्या नावावर असं सर्रास असतं. त्यात लबाडी असतेच असं नाही, घरगुती सवय असते. पण तुम्ही ज्या कंपनीचे शेअर घेणार, तिच्या मालकीचं मग काय उरलं? पैसे देण्याआधी हे सगळं कंपनीच्या नावावर करून घ्या.

कागदाविषयी मी ठेच खाऊन बोलतोय. माझ्या पहिल्याच गुंतवणुकीत मी चार लाखांचा चेक दिला आणि बदल्यात लेटरहेडवर टाइप केलेली, शिक्का मारलेली पावती घेतली. ‘शेअरचं काम सीए बघतोय’ हे उत्तर दीड वर्ष ऐकलं. कंपनी बंद झाली तेव्हा कळलं की मला एकही शेअर दिलेला नव्हता. मी भागधारक नव्हतो आणि सावकारही नव्हतो. दिवसभर लोकांचे कागद तपासणारा मी, ओळखीचा माणूस म्हणून स्वतःचा कागद तपासला नाही. ती पावती अजून माझ्या खणात आहे.

कायदा इथे तुमच्या बाजूचा आहे, फक्त तो वापरावा लागतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार खाजगी भागवाटपात कंपनीने तुमच्या नावाने रीतसर प्रस्ताव द्यायचा असतो. पैसे बँकेतूनच जायला हवेत, रोख चालत नाही. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात आणि दिल्यावर १५ दिवसांत पास-३ हा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो. हा फॉर्म भरेपर्यंत कंपनीला तो पैसा वापरताही येत नाही. या मार्गाने वर्षाला २०० पेक्षा जास्त लोकांना भाग देता येत नाहीत आणि जाहिरात करायला बंदी आहे. म्हणून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘स्टार्टअपचे शेअर, मर्यादित संधी’ असा निरोप आला तर तिथेच थांबा. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींनी या जिल्ह्यांतल्या हजारो घरांचं काय केलं, ते आपण पाहिलंय. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची प्राथमिक माहिती फुकट दिसते: संचालक कोण, भरणा झालेलं भांडवल किती, मालमत्तेवर कुणाचा बोजा आहे का. शंभर रुपये भरले की तिने दाखल केलेली कागदपत्रंही बघता येतात. चार लाखांच्या आधी मी ते शंभर रुपये भरायला हवे होते.

संस्था कोणत्या प्रकारची आहे हेही आधीच बघा. आपल्या भागात शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ आहेत आणि काही फार चांगलं काम करतात. पण त्यांचे सभासद उत्पादकच असावे लागतात, बाहेरच्याला तिथे भागधारक होता येत नाही. एलएलपीत शेअर नसतात. मालकी हक्काच्या फर्ममध्ये तर वाटून घ्यायला काहीच नसतं. स्टार्टअप इंडियाची मान्यता असेल तर ठीक, पण ती धंदा चांगला असल्याची पावती नव्हे.

करारातल्या चार गोष्टींवर अडून बसा. संस्थापकांचे शेअर एकदम पक्के न होता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के व्हावेत, म्हणजे एक जण वर्षात निघून गेला तर अर्धी कंपनी सोबत नेणार नाही. पुढच्या फेरीत आपला हिस्सा टिकवण्यापुरते शेअर घेण्याचा हक्क तुम्हाला असावा, आणि त्यासाठी पहिल्या रकमेइतकाच पैसा राखून ठेवा. संस्थापक आपले शेअर विकतील तेव्हा त्याच भावाने तुम्हालाही विकता यावेत. दर तीन महिन्यांनी हिशेब मिळावा. हे सगळं करारात लिहून पुरत नाही, कंपनीच्या नियमावलीतही घालून घ्या, नाही तर ते कंपनीवर बंधनकारक ठरवताना वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. शेअरचा प्रकार, मूल्यांकनाचा अहवाल, डीमॅट या बाबी कंपनी कायद्यात मुरलेल्या माणसाकडून तपासून घ्या. त्याची फी खर्चात धरा.

कराचं थोडक्यात. कंपनीवर पडणारा एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला आहे. बाजारात नोंद नसलेला शेअर २४ महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के दीर्घकालीन कर लागतो. तोटा झाला तर विवरणपत्र मुदतीत भरा, म्हणजे तो आठ वर्षं पुढे नेता येतो.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते जामिनाचं. शेअर घेतलात की तुमचा तोटा घातलेल्या रकमेपुरता मर्यादित राहतो. या व्यवहारातली सगळ्यात मोठी सुरक्षितता हीच आहे. पण वर्षभराने पोरगा येतो, काका, बँक खेळतं भांडवल देतेय, फक्त एक सही हवी म्हणतो, आणि आपण भिडेखातर जामीनदार होतो. त्या सहीबरोबर दहा लाखांची मर्यादा संपली आणि घर, दुकान, शेत सगळं कर्जाला बांधलं गेलं. मी दोन घरं याच सहीपायी विकली गेलेली पाहिली आहेत. कितीही जवळचा असो, जामीन राहू नका. संचालक होण्याचं निमंत्रणही विचार करून घ्या. मंडळावर नाव असलं की कंपनीने न भरलेल्या कराच्या आणि पीएफच्या नोटिसा तुमच्या पत्त्यावर येतात.

पैसे घातल्यावर रोज फोन करून पोराला भंडावू नका. त्याला गिऱ्हाईक मिळवून द्या. अवधानच्या एमआयडीसीत तुमच्या ओळखीचा कारखानदार असेल, बाजार समितीत आडत्या असेल, दवाखान्यांच्या साखळीत मित्र असेल, तर एक भेट ठरवून द्या. धुळ्याच्या माणसाकडे मुंबईच्या फंडाइतका पैसा नसतो, पण इथल्या दहा दारांवर तो चपला काढून आत जाऊ शकतो. विद्यापीठाच्या आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या उद्योजकता केंद्रांत जाऊन बसा. पहिल्या वर्षी एक रुपयाही न घालता नुसत्या पंचवीस-तीस कंपन्या बघा, म्हणजे चांगली कोणती हे डोळ्यांना कळायला लागतं.

आणि नाही म्हणायचं असेल तर ते आठवड्याच्या आत, स्पष्ट शब्दांत आणि कारणासह सांगा. ‘बघू, दिवाळीनंतर बोलू’ म्हणून त्या पोराला ताटकळत ठेवू नका. त्याच्या खात्यात सहाच महिन्यांचा पैसा आहे.